आत्याचा ठोकळा, बाबांची पुडी

बाबा गेले त्या रात्री हिल्मा आत्यानं
जवाचा माल्ट मोजायला घेतला.
मातीला साहती लागते, म्हणाली,
आणि आता ती करणार कोण?

चाळीस वर्षं बाबांनीच केली होती.
काठवटीत जुनिपरच्या डहाळ्या अंथरून
वरून कढत पाणी,
खालच्या भोकातून तपकिरी, गोड धार.
तिथवर दोघांचं एकमत असे.

फ्रीजच्या वरच्या कप्प्यात तिचा ठोकळा:
ओलसर, करडा, साबणाच्या वडीएवढा,
पावाचं यीस्ट, गावच्या दुकानातलं.
खाली, काकडीच्या बरणीमागं, बाबांची पुडी.
खास बिअरसाठीची, बेल्जियमहून मागवलेली.
अकरा ग्रॅम.

बाबा लाहतीला शिकून आले, तेव्हापासूनचं भांडण.
ते म्हणत, तुझं यीस्ट म्हणजे जत्रेतलं पोर,
धावतं, ओरडतं, दमतं,
आणि तळाशी बसायचं नाव घेत नाही.
माझं सावकाश जातं, गारठ्यात जातं,
दारू गळ्याशी आली तरी काम सोडत नाही,
संपलं की खाली जाऊन निजतं.
ग्लासातून पलीकडचं तळं दिसलं पाहिजे.

आत्या म्हणे, तळं बघायला खिडकी आहे.
आणि म्हणे, आईनं एकाच मडक्यावर
बारा माणसं पोसली,
साहतीवरचा फेस काढून पिठात घातला,
तेव्हा कुठं होतं रे तुझं लाहती?

शाळेत बाईंनी दोन्ही दाखवली, भिंगाखाली.
वाटोळी, फुगीर, एकाच आडनावाची,
कुशीतून एकेक लेकरू बाहेर ढकलणारी.
कुठलं कुठलं, ते मला सांगता येईना.
दोघंही साखर खातात, बाई म्हणाल्या,
दोघंही वारा सोडतात आणि दारू.
पावात आपण वारा ठेवतो, दारू भट्टीत उडते.
बिअरमध्ये दारू ठेवतो, वारा निघून जातो.
घरी येऊन सांगितलं.
दोघं एकदम म्हणाले,
बाईंना पाव येतो का करता?

आत्यानं पुडी दिव्याखाली धरली.
मुदत उलटून चौदा महिने.
कोमट पाण्यात सोडली, वर ताटली.
आम्ही कॉफी प्यायलो. काही नाही.
दुसरा कप. काही नाही.
"बघ," ती म्हणाली,
पण जिंकल्यासारखं नाही.

मग ठोकळा कुस्करून पिंपात टाकला.
पहाटे झाकण जमिनीवर,
घरभर पिकल्या केळ्याचा वास, थोडी लवंग.

ताटलीखालचं पाणी मात्र तिनं फेकलं नाही.
रायच्या पिठात कालवलं, फडकं टाकलं,
आणि चुलीशी न ठेवता
तळघराच्या पायरीवर ठेवून आली.
"याला गारठाच लागतो ना."
एक दिवस. दीड दिवस.
दुसऱ्या रात्री मी टॉर्च घेऊन उतरले
तर फडक्याला टेंगूळ आलेलं,
जेमतेम अंगठ्याएवढं.
पुडीतलं कुणी जागं झालं
की पिठातलंच कुठलं रानटी,
मी विचारलं नाही.

अकरा दिवस तो पाव
मधल्या भोकातून दांडीला ओवलेला होता.

मातीच्या दिवशी त्रेपन्न माणसं आली.
साहती गढूळ, जड, गोड.
शेजारच्या कुस्तानं सवयीनं
ग्लास खिडकीसमोर धरला,
थोडा वेळ धरूनच ठेवला,
मग प्यायला.

पाव ठेंगणा. सुरीवर भार द्यावा लागत होता.
पहिला काप आत्यानं स्वतःच घेतला,
उभ्यानं, ओट्याशी,
पुष्कळ वेळ चावत राहिली.
"नीट भाजला नाही मी," म्हणाली,
"दारू राहिलीय आत थोडी."
आणि दुसरा काप कापला.